तोच का हा माणूस?

एका कॅमेऱ्याखालून निळ्या शर्टातला माणूस गेला. चार मिनिटांनी दुसऱ्या कॅमेऱ्यात कोणीतरी पाठमोरा दिसतो. तिथे सावली आहे, त्यामुळे शर्ट करडा वाटतो. हा तोच का? त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही आणि नकोही आहे. प्रश्न एवढाच आहे की दोन चित्रांतला माणूस एकच की वेगवेगळे. संगणकाला चित्रं ‘बघायला’ शिकवणारे लोक या कामाला ‘री-आयडी’ म्हणतात, आपण पुनर्ओळख म्हणू.

चेहऱ्यावरून ओळखा म्हणावं, तर चेहरा दिसायला हवा ना! मार्केट-1501 हा या विषयात खूप वापरला गेलेला चित्रसंच 2015 साली आला. चीनमधल्या त्सिंगह्वा विद्यापीठातल्या एका सुपरमार्केटसमोर सहा कॅमेरे लावून 1501 माणसांची 32,668 चित्रं त्यासाठी जमवली. प्रत्येक चित्र 64 पिक्सेल रुंद आणि 128 पिक्सेल उंच. एवढ्यात डोक्यापासून पायापर्यंत अख्खा माणूस बसवायचा, म्हणजे डोक्याच्या वाट्याला येतात जेमतेम 16-17 पिक्सेल. असं चित्र मोठं करून पाहिलं की डोळे-नाक सगळं विरून जातं, उरतो तो कातडीच्या रंगाचा एक ठिपका. बॅग मात्र कळते, कधीकधी तिचा पट्टा कोणत्या खांद्यावर आहे तेही.

खरी अडचण पुढेच आहे. कॅमेरा बदलला की ऊन बदलतं, कोन बदलतो, रंगाची छटा बदलते. एकाच माणसाच्या दोन कॅमेऱ्यांतल्या चित्रांत जेवढा फरक पडतो, तेवढा कधीकधी एकाच कॅमेऱ्यातल्या दोन परक्या माणसांतही नसतो. पिक्सेलला पिक्सेल ताडून पाहणं म्हणूनच फसतं.

आजची पद्धत अशी. न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणारा संगणकाचा प्रोग्राम, प्रत्येक चित्राचं आकड्यांच्या एका लांबलचक रांगेत रूपांतर करतो. बऱ्याच नेटवर्कमध्ये हे आकडे 2048 असतात. ही रांग म्हणजे त्या चित्राचा पत्ताच समजा. शिकवताना तीन-तीन चित्रं घेतात: एक मूळ, दुसरं त्याच माणसाचं दुसऱ्या कॅमेऱ्यातलं, तिसरं भलत्याचंच. पहिल्या दोघांचे पत्ते जवळ आण, तिसऱ्याला लांब ढकल, एवढाच हुकूम. तिसरं चित्र सोपं असेल तर शिकण्यासारखं काही उरत नाही, म्हणून मुद्दाम चकवणारं निवडतात, तसाच शर्ट, तशीच अंगकाठी. अशी लाखो त्रिकुटं पाहिल्यावर नेटवर्क सावली आणि कोन यांच्याकडे काणाडोळा करायला शिकतं. काय पाहायचं यापेक्षा काय सोडून द्यायचं हे शिकणं जास्त अवघड असतं, आणि मला या विषयात तेच सगळ्यात सुंदर वाटतं.

परीक्षाही चोख असते. 751 माणसांवर शिकायचं आणि परीक्षेला उरलेली 750, जी नेटवर्कने पूर्वी कधी पाहिलेलीच नाहीत. त्यामुळे घोकंपट्टीला वावच नाही. एक चित्र दाखवायचं आणि चित्रांच्या ढिगातून त्याच माणसाचं दुसऱ्या कॅमेऱ्यातलं चित्र शोधायला लावायचं. या चित्रसंचावर आजच्या चांगल्या पद्धती शंभरातल्या 95 हून अधिक वेळा पहिलंच उत्तर बरोबर देतात. पण त्या आकड्याने हुरळून जाऊ नये. हेच नेटवर्क वेगळ्या आवारात, वेगळ्या कॅमेऱ्यांवर नेलं की यश झपाट्याने घसरतं. शिवाय ते बरंचसं कपड्यांवर विसंबून असतं. उद्या तोच माणूस दुसरा शर्ट घालून आला की पुन्हा पंचाईत!

ज्यांना कपडे बदलता येत नाहीत, त्यांच्या बाबतीत हे काम किती सुरेख जमतं, ते व्हेल शार्कने दाखवलं. या अजस्र माशाच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि प्रत्येकाची ठिपक्यांची मांडणी निराळी. 2005 साली झावेन अर्झुमानियन, जेसन होमबर्ग आणि ब्रॅड नॉर्मन यांनी ते ओळखण्यासाठी चक्क खगोलशास्त्राचं गणित घेतलं. आकाशाच्या दोन फोटोंतले तारे एकमेकांशी जुळवण्याची एक पद्धत 1986 मध्ये एडवर्ड ग्रोथ यांनी मांडली होती. तीन तारे घ्यायचे, त्यांचा त्रिकोण करायचा आणि दुसऱ्या फोटोत तशाच घडणीचा त्रिकोण शोधायचा. तारे काय नि ठिपके काय, गणिताला दोन्ही सारखेच. फोटो लांबून काढा वा जवळून, त्रिकोणाच्या बाजूंचं गुणोत्तर तेच राहतं. त्यामुळे पाणबुड्या पर्यटकाने सहज काढलेल्या फोटोवरूनही पूर्वी दिसलेला मासा ओळखता येतो, तोही अंगाला खुणेची पट्टी न टोचता.

माशाच्या बाबतीत जे निर्धोक, ते माणसाच्या बाबतीत तसं नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात 2014 साली आठ कॅमेऱ्यांनी आवारातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचं चित्रण केलं आणि त्यातून 2,000 हून अधिक माणसांचा चित्रसंच जगभरच्या संशोधकांना खुला झाला. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीने ज्या अटींवर परवानगी दिली होती, त्या पाळल्या गेल्या नव्हत्या. टीका झाल्यावर 2019 मध्ये हा संच मागे घेतला गेला. तोवर उतरवून घेतलेल्या प्रती मात्र ज्याच्या-त्याच्या संगणकावर राहिल्या, आणि वर्गाला निघालेल्या त्या विद्यार्थ्यांच्या चित्रांवर शिकलेली नेटवर्कही.