नेट पळतंय, मग कॉम्प्युटर का रेंगाळतो?

सोलापुरात कुठल्याही पेठेत जा, एक तक्रार हमखास ऐकू येते. मोबाइलवर नेट पळतं, पण त्याच घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर परीक्षेचा फॉर्म भरता भरता सेशन संपून जातं. हा कॉम्प्युटर बहुधा दहा-बारा वर्षांपूर्वीचा. कुणी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला, कुणी टॉवेलच्या कारखान्याच्या हिशेबासाठी. मग कनेक्शनवाल्याला फोन जातो, तो मोठा प्लॅन घ्यायला सांगतो. शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा होतो, बिल वाढतं आणि कॉम्प्युटर होता तिथेच राहतो.

माझ्या मते प्लॅन ही सगळ्यात शेवटी बदलायची गोष्ट आहे. फायबर घरापर्यंत आलेली असेल तर बहुतेक वेळा अडचण शेवटच्या पंधरा-वीस फुटांत असते. राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या हवेत, वायरमध्ये, नाहीतर खुद्द कॉम्प्युटरमध्ये. ती नेमकी कुठे आहे हे मोजून कळतं, आणि मोजायला घरबसल्या अर्धा तास पुरतो.

मोजण्याआधी एक हिशेब. प्लॅनमधले १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल डाउनलोड होताना जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट प्रतिसेकंद दिसतील. डाउनलोडच्या खिडकीत ११ किंवा १२ चा आकडा दिसत असेल तर तुम्हाला पैशांचं पुरेपूर नेट मिळतंय.

आता दोन-तीनशे रुपयांची लॅन केबल आणा, कॉम्प्युटर सरळ राउटरला जोडा, वाय-फाय बंद करा, घरातले बाकीचे मोबाइल पाच मिनिटं नेटवरून काढा आणि स्पीड टेस्ट लावा. शंभरच्या प्लॅनवर नव्वदीच्या पुढे आकडा आला तर लाइन स्वच्छ आहे, दोष वाय-फायचा. प्लॅन दोनशेचा आणि आकडा नेमका चौऱ्याण्णव-पंचाण्णववर अडकला, तर कॉम्प्युटरचा लॅन पोर्ट जुन्या 'फास्ट इथरनेट'चा असण्याची शक्यता मोठी. हे मानक १९९५ चं, त्याची कमाल मर्यादा १०० मेगाबिट. पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे हजार मेगाबिटचा, असूनही असं होत असेल तर केबल बघा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात. उंदराने एक तार कुरतडली किंवा टोकाचं क्रिम्पिंग ढिलं झालं की दोन्ही बाजू गुपचूप शंभरवर उतरतात. नेट चालू राहतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' लिहिलेला असतो, तो एकदा वाचा.

वाय-फायचा दोष निघाला तर पहिला संशय कॉम्प्युटरमधल्या कार्डावर. ८०२.११जी हे वाय-फायचं २००३ चं मानक. कागदावर ५४ मेगाबिट, प्रत्यक्षात वीस-पंचवीस. २००९ च्या ८०२.११एन मध्ये एका अँटेनाचं स्वस्त कार्ड कागदावर ७२ किंवा १५० मेगाबिट देतं, घरात त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय अशी बरीच कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वारंवारतेवर चालतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. दाट वस्तीत शेजारपाजारचे पंधरा-वीस राउटर याच तीन चॅनेलवर बोलत असतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबावं लागतं. हळू कार्डाला तेवढाच डेटा पाठवायला हवेत जास्त वेळ लागतो, म्हणून जुना कॉम्प्युटर स्वतः तर रखडतोच, घरातल्या नव्या मोबाइलचाही वेळ खातो.

सोलापूरच्या घरांत आणखी एक अडथळा असतो, तो म्हणजे साठवलेलं पाणी. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी बॅरल, टाक्या, भरलेले हंडे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच विरून जातात. मायक्रोवेव्ह ओव्हन जवळपास याच वारंवारतेवर अन्नातलं पाणी तापवतो. राउटर आणि कॉम्प्युटर यांच्या सरळ रेषेत दोनशे लिटरचं भरलेलं बॅरल असेल तर ती जवळजवळ भिंतच झाली. पाणी आलं त्या दिवशी नेट मंद आणि बॅरल रिकामं झाल्यावर बरं, असं वाटत असेल तर तो भ्रम समजू नका. पत्रा, लोखंडी कपाट, जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती यांचाही हिशेब धरायला हवा. राउटर माळ्यावरून काढून छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवला तरी बराच फरक पडतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांचा असेल तर ५ गिगाहर्ट्झवर चालणारा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर घ्या. मात्र कॉम्प्युटर राउटरच्या खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे असेल तरच. ५ गिगाहर्ट्झमध्ये गर्दी कमी असते, पण भिंती ओलांडताना ती लहर लवकर थकते. अडॅप्टर कॅबिनेटच्या मागे खोचू नका. तिथे एका बाजूला लोखंडी पत्रा, दुसऱ्या बाजूला भिंत. एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून तो टेबलावर आणा. मध्ये दोन-तीन भिंती असतील तर अडॅप्टरच्या नादी न लागता सरळ लॅन केबल ओढा.

काही घरांत स्पीड टेस्टचा आकडा उत्तम येतो, तरी व्हिडिओ कॉल तुटत राहतो. इथे बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो ते, सोडून विलंब मोजावा लागतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सोलापूर ते मुंबई चारशे किलोमीटर जाऊन यायला निव्वळ चार मिलिसेकंद. वाटेतली उपकरणं धरून पिंगचा, म्हणजे छोटा निरोप जाऊन परत यायच्या वेळेचा, आकडा वीस-तीस आला तरी ठीक. आता विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पिंग चालू ठेवा आणि घरातल्या एखाद्या मोबाइलवरून लग्नाचा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावा. आकडा वीसवरून तीनशे-चारशेवर उडाला तर राउटरमध्ये रांग साचते आहे. स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर पुढच्या एकाच माणसाने वीस फॉर्म दिले की मागच्याचं एक तिकीटही ताटकळतं, तसं कॉलचं छोटं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, व्हिडिओच्या हजारो पॅकेटांमागे उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. २०१० च्या सुमारास अमेरिकी प्रोग्रामर जिम गेटिस यांनी या दुखण्याकडे लक्ष वेधलं, आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्क संशोधकांनी कोडेल नावाचा उपाय मांडला. पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते पाहून रांग आटोक्यात ठेवायची, असा तो उपाय. राउटरमध्ये एसक्यूएम नावाची, ही रांग सांभाळणारी, सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर बॅकअप रात्रीवर टाका, आणि विंडोज १० मध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' बंद करा. ते चालू असेल तर तुमचा कॉम्प्युटर अपडेटचे तुकडे इतरांना वाटत बसू शकतो.

या जेकबसन यांचं नाव इंटरनेटच्या इतिहासात त्याआधीच पक्कं झालेलं होतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात, जेमतेम चारशे यार्डांच्या अंतरात, डेटाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. गर्दी वाढली की सगळे कॉम्प्युटर हरवलेली पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होते, त्याने गर्दी आणखी वाढत होती. १९८८ मध्ये जेकबसन यांनी यावरचा उपाय प्रसिद्ध केला: हळू सुरुवात करायची, पोच मिळेल तसा वेग वाढवायचा, पॅकेट हरवलं की लगेच आवरतं घ्यायचं. आजही तुमच्या घरातलं बहुतेक डाउनलोड याच तत्त्वावर चालतं.

'इंटरनेट स्पीड बूस्टर' नावाच्या प्रोग्रामांचा उगम इथेच आहे. पोच यायच्या आत किती डेटा वाटेत सोडायचा याला विंडो म्हणतात. विंडोज एक्सपीच्या काळात ती साधारणपणे जास्तीत जास्त ६४ किलोबाइट असे. अमेरिकेतल्या सर्व्हरकडून पोच यायला पाव सेकंद लागला, तर कितीही मोठ्या लाइनवर वेग दोन मेगाबिटांच्या आसपास अडकायचा. तेव्हा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, आकडे बदलून खरोखर फायदा होत असे. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोज ही विंडो आपोआप कमीजास्त करतं. त्यामुळे आज या बूस्टरांना करण्यासारखं काही उरलेलं नाही. काही तर ही आपोआप चालणारी सोय बंद करून वेग घटवतात, शिवाय सोबत जाहिरातींचा कचरा घेऊन येतात. ते काढून टाका, ही माझी कळकळीची विनंती. 'विंडोज २० टक्के नेट स्वतःसाठी राखून ठेवतं' हीही जुनी अफवा आहे. एखादा प्रोग्राम तशी मागणी करत नसेल तर सगळी लाइन सगळ्यांना मोकळी असते. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी डीएनएस सेवा बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकल्याने पान उघडायला सुरुवात थोडी लवकर होईल, डाउनलोडचा वेग साधारणपणे तोच राहील.

आता कॉम्प्युटरकडे वळू, कारण नेटच्या नावावर खपणारा बराचसा मंदपणा तिथला असतो. यूट्यूबवर व्हिडिओ अडखळत असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. 'बफर हेल्थ'मध्ये वीस-तीस सेकंद जमा दिसत असतील आणि गळलेल्या फ्रेमचा आकडा चढत असेल, तर नेटने आपलं काम केलंय, प्रोसेसर मागे पडतोय. जुन्या ग्राफिक्स चिपला व्हिडिओचं २००३ चं एच.२६४ हे स्वरूप उलगडता येतं. व्हीपी९ आणि एव्ही१ ही स्वरूपं नंतरची, २०१३ आणि २०१८ ची. ती उलगडायचा सगळा भार बिचाऱ्या प्रोसेसरवर येतो. ४८० किंवा ७२० वर व्हिडिओ लावा, नाहीतर यूट्यूबला एच.२६४ च द्यायला लावणारं ब्राउझर एक्स्टेन्शन टाका.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवा. फिरती डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला शंभरेक वेळाच वाचू शकते, साधी एसएसडी हजारो वेळा. ब्राउझर प्रत्येक पानासाठी शेकडो बारीक फाइली उघडतो-ठेवतो. जुन्या कॉम्प्युटरवर एकाच गोष्टीला पैसे घालायचे असतील तर मी यालाच घालेन. रॅम दोन जीबी असेल तर चार किंवा आठ करा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. यंत्रमागांच्या भागात पंख्यात धुळीबरोबर सुताचे तंतूही अडकतात. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारून घ्या.

आणि घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला की लाइट जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्रांना तारीख असते, ती जुळली नाही की ब्राउझर पान उघडायला नकार देतो आणि आपण नेट बंद पडलं म्हणून फोन लावतो. चिल्लर पैशांतला हा सेल घरीसुद्धा बदलता येतो.

विंडोज ७ वर क्रोम ब्राउझर १०९ व्या आवृत्तीच्या पुढे सरकत नाही, आणि विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. अशा कॉम्प्युटरवर बँकेचं काम करू नये. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकता येते; चार जीबी रॅमवर तिच्यातल्या लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती चांगली चालते, आणि ती आधी पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून बघता येते. फक्त जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन किंवा हिशेबाचा प्रोग्राम वापरत असाल, तर तो लिनक्सवर चालतो का हे तपासल्याशिवाय विंडोज पुसू नका.