लुईस आम्ल आणि ऑक्सिडक: इलेक्ट्रॉन स्वीकारण्याच्या दोन रीती

दादर-माटुंग्याच्या शिकवणीवर्गांत अकरावी-बारावीचे विद्यार्थी दोन व्याख्या पाठ करतात: इलेक्ट्रॉन घेतो तो ऑक्सिडक, आणि इलेक्ट्रॉनांची जोडी घेते ते लुईस आम्ल. दोन्हींत कोणीतरी देतो आणि कोणीतरी घेतो, त्यामुळे त्या एकच वाटू लागतात. खरा प्रश्न मात्र देवघेवीनंतर ते इलेक्ट्रॉन कोणाकडे राहिले, हा आहे.

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात हा फरक डोळ्यांनी दिसतो. क्षारपरीक्षणाच्या तासाला या द्रावणात अमोनिया थेंबाथेंबाने घातला, की आधी फिकट निळा साका येतो आणि अमोनिया वाढवल्यावर तो विरघळून द्रावण गडद निळे होते. येथे अमोनियातील नायट्रोजनची एकाकी जोडी (बंधात न गुंतलेले दोन इलेक्ट्रॉन) तांब्याच्या आयनाबरोबर, म्हणजे विद्युतभारित अणूबरोबर, सामाईक होऊन नवा बंध तयार होतो. तांब्याचा ऑक्सिडीकरण अंक (बंधातील इलेक्ट्रॉन ते जास्त ओढणाऱ्या अणूच्या नावावर मोजल्यावर अणूवर येणारा भार) +२ राहतो, नायट्रोजनचाही −३ च राहतो. आयन लुईस आम्ल ठरला, जोडी देणारा अमोनिया लुईस आम्लारी.

त्याच द्रावणात जस्ताचा तुकडा टाकला, तर निळा रंग फिका पडत जातो आणि जस्तावर लालसर तांबे साचते. जस्ताचे दोन इलेक्ट्रॉन त्याला सोडून गेले, ते ० वरून +२ वर पोहोचले आणि तांबे +२ वरून ० वर उतरले. आता तोच आयन ऑक्सिडक आहे आणि इलेक्ट्रॉन देणारे जस्त क्षपणक. म्हणूनच ऑक्सिडकांच्या आणि लुईस आम्लांच्या वेगवेगळ्या याद्या पाठ करणे मला घातक वाटते. ही नावे पदार्थाची नसून अभिक्रियेतील भूमिकेची आहेत.

गिल्बर्ट लुईस यांनी १९२३ मध्ये मांडलेली व्याख्या ऑक्सिडीकरण अंकाबद्दल काहीच बोलत नाही, त्यामुळे एकच पदार्थ एकाच वेळी दोन्ही प्रकारच्या भूमिका वठवू शकतो, उदाहरणार्थ लुईस आम्लारी आणि क्षपणक. सोडियम बोरोहायड्राइडने अॅसिटोनचे अल्कोहोल होताना बोरॉन-हायड्रोजन बंधातील जोडी कार्बोनिल (C=O) गटाच्या कार्बनकडे जाते, म्हणजे हे लुईस आम्लारीचेच वर्तन झाले. परंतु कार्बनची विद्युतऋणता (बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची क्षमता) हायड्रोजनपेक्षा जास्त असल्यामुळे नव्या बंधातील जोडी कार्बनच्या नावावर मोजली जाते, हायड्रोजन −१ वरून +१ होतो, कार्बन +२ वरून ० वर येतो, आणि बोरोहायड्राइड क्षपणकही ठरते. अमोनियाच्या बाबतीत असे घडत नाही, कारण नायट्रोजन तांब्यापेक्षा अधिक विद्युतऋण असल्याने सामाईक झालेली जोडी हिशेबात त्याच्याच नावावर राहते.