बॉनेटखालचं लायनर आणि डॅम्पिंग शीट: एकाच्या जागी दुसरं चालत नाही

जुन्या गाडीच्या बॉनेटखालचं लायनर, म्हणजे पत्र्याला आतून लावलेला जाड मऊ थर, भुसभुशीत होऊन गळायला लागलं की ॲक्सेसरीच्या दुकानात बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं. "काका, ते काढून टाका, डॅम्पिंग मारून देतो. आवाज पण बंद, गरम पण होणार नाही." आणि काउंटरवर चकचकीत फॉइलची, मागे काळा चिकट थर असलेली शीट येते. वस्तू म्हणून ती उत्तम आहे. पण ती लायनरची जागा घेत नाही, आणि हे न सांगता ती विकली जाते याची मला खरोखर चीड येते. जुनी गाडी सांभाळणारा माणूस आधीच पार्टसाठी वणवण फिरत असतो, त्याचे पैसे तरी नीट ठिकाणी लागावेत.

डॅम्पिंग शीट म्हणजे साधारण २ मिलिमीटर जाडीचं ब्युटाइल रबर आणि त्यावर ॲल्युमिनियमची पातळ फॉइल. तिचा संबंध फक्त पत्र्याशी. इंजिनच्या थरथरीने बॉनेटचा पत्रा स्वतःच घुमायला लागतो, ते घुमणं ती मारते. स्टीलचं ताट वाजवून त्यावर तळहात ठेवला की नाद जागच्या जागी थांबतो, तसंच. पत्रा हलला की रबर ताणलं जातं, वरची फॉइल त्याला मोकळं सुटू देत नाही, आणि कंपनाची ताकद रबरातच जिरते. म्हणून ही शीट रोलरने घट्ट दाबून बसवावी लागते. मध्ये हवेचा फुगा राहिला तर तेवढा भाग वाया गेला. शिवाय सगळा पत्रा झाकायची गरजच नसते. आधार नसलेल्या मधल्या भागांवर एकूण पत्र्याच्या पाव हिश्शाएवढे तुकडे लावले तरी बराचसा फायदा मिळून जातो. पूर्ण बॉनेट मढवलं तर दर चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास वजन वाढतं, आणि ते जुन्या बिजागऱ्या आणि स्प्रिंगांना पेलावं लागतं.

लायनरचं काम निराळं. ते काचतंतूंचं, रेझिन घातलेल्या सुती फेल्टचं किंवा फोमचं असतं. जात कुठलीही असो, ते सच्छिद्र असतं आणि त्या छिद्रांतच सगळी करामत आहे. टॅपेटची (इंजिनच्या झडपा हलवणाऱ्या भागाची) टिकटिक, डिझेलची टकटक हा हवेतून येणारा आवाज त्या छिद्रांत शिरतो आणि तंतूंशी घासून विरतो. उष्णता अडवते ती तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा. त्यामुळे जाडी महत्त्वाची. पंधरा-वीस मिलिमीटरचं लायनर दाबून पाच मिलिमीटर केलं तर त्यातली हवाच गेली, मग उरलं काय?

फॉइल चकाकते म्हणून ती उष्णता परतवत असणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. थोडीफार परतवतेही, पण स्वच्छ असेपर्यंतच. तेलाची वाफ आणि धूळ बसली की ते संपलं. शिवाय वर चढणारी गरम हवा थेट शीटला लागते आणि २ मिलिमीटर रबरातून आरामात पत्र्यापर्यंत पोचते. १५ मिलिमीटरचा काचतंतूंचा थर त्याच्या तीस पटींहून जास्त रोध करतो. ठाण्याच्या घोडबंदर रोडला गायमुख घाटात गाडी रांगेत अडकून राहते तेव्हा इंजिनवरची गरम हवा हलतच नाही, आणि वर बॉनेटचा रंग त्या पत्र्यावरच असतो.

आमच्याकडे ठाण्यात, पुण्याला जोडलेल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू १२४ गाड्या अजून जपलेल्या दिसतात. १९९५ पासून कंपनीने भारतात त्याच मॉडेलने सुरुवात केली. या गाडीचं फोमचं लायनर पत्र्याला चिकटवलेलं असतं. उष्णता आणि दमट हवेने हा फोम आतून कुजतो, आणि खाडीकाठच्या ठाण्यात दमटपणाला काय तोटा! बोट लावलं की काळा चुरा हातात येतो. तो काचेखालच्या जाळीतून ब्लोअरमध्ये जातो, पाण्याच्या वाटा तुंबवतो. म्हणून उरलेलं लायनर "राहू दे तसंच" म्हणून सोडू नये.

काढताना या गाडीची एक सोय कामी येते: बॉनेट सरळ उभं करून अडकवता येतं. पण मग चुरा नेमका त्या जाळीपाशीच पडतो, तेव्हा आधी जुनी चादर अंथरा. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेला गोंद टर्पेंटाइनने भिजवून पुसा. थिनर नको, रंगाला लागला तर रंग उठतो. काचतंतूंचं लायनर असेल तर पूर्ण बाह्या, हातमोजे आणि मास्क हवाच. चिकटवायला जास्त उष्णता सोसणारा ॲडेसिव्हच घ्या. सनमायक्याचा साधा ॲडेसिव्ह गरम झाला की मऊ पडतो आणि लायनर इंजिनवर लोंबतं. क्लिपांवर बसणारं लायनर असेल तर हा त्रासच नाही, फक्त नव्या क्लिपा घ्या, जुन्या काढताना तुटतातच.

दोन्ही एकत्र लावता येतात का? हो, जरूर. पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकून बघा. टण्ण वाजला तर तिथे ब्युटाइलचा तुकडा, आणि वरून लायनर. आवाज बसका, भरीव आला तर डॅम्पिंगवर पैसे घालू नका. फक्त स्वस्तातली डांबरी शीट बॉनेटखाली कधीच नको. गरम झाली की वास मारते आणि ओघळते.

वागळे इस्टेटच्या बाजूला गादीचा फोम कापून लायनर म्हणून लावलेलं मी पाहिलं आहे. हा प्रकार धोक्याचा आहे. तो तेल पितो आणि ठिणगीला भडकतो. साच्यातलं तयार लायनर मिळालं तर तेच घ्यावं. मीटरवर कापून घेणार असाल तर एक कटपीस मागून उघड्यावर काडीपेटी लावून बघा. चांगला माल काळवंडतो आणि काडी दूर केली की विझतो. पेट धरून ठिबकत राहिला तर परत द्या.

बसवताना बॉनेटच्या पुढच्या कडेची पाणी निघायची भोकं बुजवू नका, नाहीतर पत्रा आतून गंजेल. आणि पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॉनेट उघडून कोपरे चाचपून बघा, उंदरांना मऊ लायनर फार आवडतं.