‘मराठी’ची लांबी किती?

‘मराठी’ या शब्दाची लांबी पीएचपी या वेबसाइटच्या संगणकभाषेला विचारा, तीन वेगवेगळी उत्तरं मिळतील. साधं स्ट्रलेन फंक्शन म्हणतं १५. ते बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. एमबीस्ट्रिंग हे एक्स्टेंशन (भाषेला वरून जोडायचा भाग) म्हणतं ५, कारण ते काना आणि वेलांटी सुटी धरतं. शाळेत मोजतो तशी ३ अक्षरं हवी असतील तर इंटल हे आणखी वेगळं एक्स्टेंशन लागतं.

हे सगळं नीट कळलं ते माझ्या साइटचा सर्व्हर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ११ व्या आवृत्तीवरून १२ व्या आवृत्तीवर नेला त्या रात्री. पीएचपी ७.४ च्या जागी ८.२ आलं, मुखपृष्ठ झक्क उघडलं. शोधचौकटीत शब्द टाकला आणि पान पांढरंफटक! शब्द किमान दोन अक्षरी आहे ना, हे तपासणाऱ्या ओळीवर गाडी अडली होती. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, म्हणत होता, एमबीस्ट्रिंगचं असं फंक्शनच नाही.

डेबियन पीएचपीचा अख्खा संसार एकाच पॅकेजमध्ये भरत नाही. बरीचशी एक्स्टेंशन्स सुटी येतात. ती सी भाषेत लिहून कंपाइल केलेली असतात आणि इंजिनाच्या एका अंतर्गत क्रमांकाला बांधलेली असतात: ७.४ साठी २०१९०९०२, ८.२ साठी २०२२०८२९. पत्रिका जुळली नाही तर इंजिन ते एक्स्टेंशन आत घेतच नाही. म्हणून पॅकेजच्या नावातच आवृत्ती लिहिलेली असते. मी पूर्वी नेमकं ‘७.४ चं एमबीस्ट्रिंग’ मागून घेतलं होतं, मग ८.२ चं कोण आणणार? बिनआकड्याचं एमबीस्ट्रिंग मागितलं असतं तर ते आपसूक आलं असतं. ते पॅकेज जवळपास रिकामं असतं. चालू आवृत्तीकडे बोट दाखवणं एवढंच त्याचं काम.

खरं तर युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांची सामाईक यादी) थेट गाभ्यातच बसवायचा घाट पीएचपी ६ मध्ये घातला होता. तो यूटीएफ-१६ या दुसऱ्या साठवण-पद्धतीच्या ओझ्याखाली रखडला, २०१० मध्ये सोडून दिला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये थेट ७.० आलं. सहावी आवृत्ती कधी निघालीच नाही.

आवृत्ती नावात असल्याचा मोठा फायदा म्हणजे ७.४ आणि ८.२ एकाच यंत्रावर नांदतात. दोघांचं एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) वेगळं, तिच्याशी बोलायचं दार म्हणजे सॉकेट वेगळं. कुठली साइट कुणाकडे पाठवायची ते एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगमधल्या एका ओळीत ठरतं. याची गरज पडते, कारण ८.० पूर्वी शून्य आणि "केळी" यांची सैल तुलना (आकडा की शब्द हे न पाहता केलेली) ‘खरी’ ठरायची, आता ‘खोटी’ ठरते. चूक सुधारली हे उत्तमच. पण जुन्या कोडमध्ये त्या चुकीवर विसंबलेली एखादी अट असली, तर ती कुरकुर न करता उलटं वागू लागते.

एमबीस्ट्रिंग टाकलं, एफपीएम पुन्हा सुरू केलं, शोध चालू झाला. एक जुनी साइट मात्र अजून ७.४ च्याच सॉकेटवर ठेवली आहे. पीएचपीच्या मूळ चमूने त्या आवृत्तीचा आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच काढून घेतला, हे ठाऊक असूनही. तिच्यातल्या सैल तुलना मी एकेक करून तपासतोय.