काढणीच्या वेळची अतिवृष्टी आणि द्राक्षबाग

घड पिकून तोडणीला आले असताना जोरदार पाऊस झाला, तर मणी तडकतात, घड कुजतात आणि रसातली साखर उतरते. वेल सहसा तगते, पण त्या हंगामाचे पीक हातचे जाते. छाटणी, विरळणी, फवारण्या असा वर्षभराचा सगळा खर्च तोवर घडांत उतरलेला असतो, आणि पीक नव्याने धरायला वेळ उरलेला नसतो.

मण्यात पाणी उतरून तो मऊ पडला की साखर झपाट्याने भरते. पक्व मण्याच्या रसात साधारण १८ ते २४ टक्के साखर असते. एवढा गोड रस बाहेरचे पाणी परासरणाने आत ओढून घेतो. मुळांवाटे येणारे पाणी मणी फुगवते. सालीवर साचून राहिलेले पाणीही देठाजवळच्या बारीक भेगांतून आत शिरते. आतला दाब वाढतो आणि ताणलेली साल फाटते. पिनो न्वार किंवा शेनिन ब्लांसारख्या गच्च घडांच्या वाणांत मणी एकमेकांवर दाबले जात असल्याने नुकसान लवकर होते. शिवाय घडाच्या पोटातले पाणी सुकतही नाही.

पाऊस किती मिलिमीटर पडला हे सगळे विचारतात, पण घड किती वेळ ओले राहिले हे अधिक महत्त्वाचे. राखाडी बुरशीला (बॉट्रायटिस सिनेरिया) साधारण २० अंश सेल्सिअस तापमानात सुमारे १५ तासांचा ओलावा रुजायला पुरतो. सरीमागून वारा सुटला, ऊन पडले तर मोठा पाऊसही निभावतो. त्याउलट दोन दिवसांची रिपरिप आणि ढगाळ हवा बाग नासवू शकते. तडकलेल्या मण्यांवर यीस्ट, व्हिनेगर बनवणारे जीवाणू आणि फळमाश्या जमल्या की आंबट कूज सुरू होते. तिचा वास बागेत शिरताच कळतो. काढणी तोंडावर असल्याने फवारणीही फारशी करता येत नाही, कारण औषधाचा अंश फळात राहतो.

पातळ झालेली साखर काही कोरड्या दिवसांत बऱ्याच अंशी पुन्हा वर येते. कूज मात्र मागे फिरत नाही. बुरशीतल्या लॅकेज या विकराने वाइनचा रंग तपकिरी पडतो. खाण्याच्या द्राक्षांत एक तडकलेला मणी पेटीतला अख्खा घड खराब करू शकतो. वाळत घातलेल्या बेदाण्याचे हाल सर्वांत वाईट. सप्टेंबर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात उघड्यावर वाळणारा माल पावसात सापडला आणि त्याचे मोठे नुकसान झाले.

तोडायचे की थांबायचे, हा यातला खरा पेच. लवकर तोडले तर आंबट आणि कच्चे, थांबले तर कुजके. फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशात १९६४ साली लवकर पिकणारे मर्लो हे वाण बहुतेक घरी आले होते. तिथल्याच मेदोक भागातल्या उशिरा पिकणाऱ्या काबर्ने सोव्हिन्यों या वाणाला मात्र ऑक्टोबरच्या पावसाने गाठले. बोर्दोतल्याच सोतेर्न भागात हीच राखाडी बुरशी गोड वाइनसाठी हवी असते, पण सकाळचे धुके आणि दुपारचे ऊन असेल तरच. तिथल्या शातो दिकेम या नामांकित वाइन उत्पादकाने काढणीच्या वेळच्या पावसामुळे २०१२ सालची गोड वाइन बाजारात आणलीच नाही.

घडाभोवतीची पाने आधीच काढून वारा खेळता ठेवणे, पाण्याचा निचरा आणि खाण्याच्या द्राक्षांवर प्लास्टिकचे आच्छादन हे उपाय पावसाआधी करायचे असतात. पावसानंतर घड हलवून किंवा ब्लोअरने पाणी झटकता येते, कुजके मणी कात्रीने काढता येतात. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती पुरेशी सुकेपर्यंत, मात्र ट्रॅक्टर ओळीत घालू नये. चिखलात दबलेली माती पुढची कित्येक वर्षे मुळांना जाचते.