धुराड्याचा कायदा वेगळा, नाल्याचा वेगळा

फेब्रुवारी 2024 मध्ये संसदेने जल प्रदूषण कायद्यात दुरुस्ती केली. अनेक गुन्ह्यांची कैद गेली, तिच्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आला. संसदेने केलं म्हणजे देशभर लागू झालं, असं आपण धरून चालतो. इथे तसं नव्हतं. ही दुरुस्ती सुरुवातीला फक्त हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरती होती. याउलट वायू प्रदूषण कायद्यातली अशीच दंडाची दुरुस्ती 2023 च्या जनविश्वास कायद्याने साऱ्या देशासाठी एकदम झाली. म्हणजे एकाच कारखान्याच्या धुराड्याला एक न्याय आणि नाल्याला दुसरा. असं का?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूच्या आहेत. ‘पर्यावरण’ असा विषय यांपैकी एकीतही नाही. वनं आणि वन्यजीव 42 व्या घटनादुरुस्तीने 1976 साली समवर्ती सूचीत गेले. पाणी मात्र राज्यसूचीतच राहिलं, नोंद 17. केंद्राच्या हाती आंतरराज्य नद्यांचं नियमन तेवढं आहे.

मग संसदेने पाण्याच्या प्रदूषणावर कायदा केला कसा? उत्तर अनुच्छेद 252 मध्ये आहे. किमान दोन राज्यांच्या विधिमंडळांनी ‘आमच्या या विषयावर तुम्ही कायदा करा’ असा ठराव करायचा; विधान परिषद असेल तर तिथेही तो मंजूर व्हायला हवा. मग संसद कायदा करते आणि तो त्या राज्यांपुरताच चालतो. बाकीची राज्यं नंतर ठराव करून तो स्वीकारू शकतात. 1974 च्या जल कायद्यात सुरुवातीला 12 राज्यं होती. त्यात महाराष्ट्र नव्हता, कारण आपला स्वतःचा कायदा 1969 सालीच झाला होता आणि 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही उभं राहिलं होतं. केंद्राचा कायदा आपण 1981 मध्ये स्वीकारला.

खरी मेख 252 च्या दुसऱ्या खंडात आहे. एकदा ठराव दिला की त्या कायद्यात बदल करायचा किंवा तो रद्द करायचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाकडे उरत नाही. तो बदल संसदेनेच करायचा. पण संसदेने केलेला बदलही राज्याने पुन्हा ठराव केल्याशिवाय तिथे लागू होत नाही. थोडक्यात, दोन किल्ल्यांचं कुलूप. राज्य एकट्याने उघडू शकत नाही, केंद्रही नाही. याचा अनुभव महाराष्ट्राने जमिनीच्या बाबतीत घेतला आहे. नागरी कमाल जमीन धारणा कायदा याच वाटेने आला होता. संसदेने 1999 मध्ये तो रद्द करणारा कायदा केला, तरी महाराष्ट्राने ठराव करेपर्यंत, म्हणजे 2007 च्या अखेरीपर्यंत, तो इथे जिवंत होता.

हवेसाठी संसदेने अनुच्छेद 253 ची वाट धरली. आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या निर्णयाची अंमलबजावणी करायची असेल तर विषय कुठल्या सूचीत आहे हे पाहावं लागत नाही. 1972 च्या स्टॉकहोम परिषदेचा आधार घेऊन 1981 चा वायू कायदा आणि भोपाळनंतर 1986 चा पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला. या शेवटच्या कायद्यातल्या पर्यावरणाच्या व्याख्येत पाणीही येतं! त्यामुळे सांडपाण्याची राष्ट्रीय मानकं कुठल्याही राज्याला न विचारता ठरली. राज्य मंडळाला ती कडक करता येतात, सैल नाही.

आता मानकाकडे येऊ. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची बीओडी सर्वसाधारणपणे लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आत हवी. बीओडी म्हणजे त्यातला सेंद्रिय मळ खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतील ते मोजमाप. आपल्याकडे नमुना 27 अंशांवर 3 दिवस ठेवून ती काढतात. पण 27 अंशांच्या स्वच्छ पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनच मुळात लिटरला सुमारे 8 मिलिग्रॅम. म्हणजे 30 चा आकडा सांडपाणी पातळ करायला नदीत पुरेसं पाणी आहे असं गृहीत धरतो. मे महिन्यात सगळे कारखाने मर्यादेत असूनही नदी गुदमरू शकते. ‘वाहतं पाणी शुद्धच’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. नदी स्वतःला शुद्ध करते, पण ऑक्सिजन खर्चून.

शिवाय हा ऑक्सिजन नाल्याच्या तोंडाशी तळ गाठत नाही. जिवाणूंना वेळ लागतो, तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. इचलकरंजीवरून आलेली पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे कर्नाटकात शिरते. तिथल्या मंडळाच्या अधिकाऱ्याला इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात, नमुना घेता येत नाही. नमुना घेण्याचे नियमही काटेकोर आहेत. आधी नोटीस, मग मालकासमोर दोन भाग, दोन्ही सीलबंद, दोघांच्या सह्या. यात चूक झाली तर अहवाल पुरावा म्हणून टिकत नाही. दुसऱ्या राज्यात पुलावरून भरलेली बाटली त्या कारखान्याविरुद्ध काय कामाची?

अशा वेळी राज्य मंडळांतला वाद मिटवायचं काम केंद्रीय मंडळाचं. ते राज्य मंडळाला निर्देशही देतं. राज्य सरकारने त्याच्या उलट निर्देश दिले तर जल कायद्याच्या कलम 18 प्रमाणे प्रकरण केंद्र सरकारकडे जातं. कलम 13 मध्ये आणखी एक सोय आहे: शेजारच्या राज्यांनी करार करून संयुक्त मंडळ नेमायचं. त्यासाठी मात्र प्रदूषण करणारं आणि सोसणारं, दोन्ही सरकारांची सही लागते.