काजव्याच्या पोटात फॉस्फरस नसतो

मे संपत आला की भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, राजमाचीकडे गाड्यांची रीघ लागते आणि ‘काजव्याच्या पोटात फॉस्फरस असतो’ हा मेसेजही दरवर्षी नव्याने फिरू लागतो. पांढरा फॉस्फरस उष्ण हवेत आपोआप पेट घेतो. तो पोटात असता तर काजवा पहिल्याच रात्री भाजून निघाला असता.

त्याच्याकडे असतं ल्युसिफेरिन, म्हणजे प्रकाश देणारं एक रसायन. ल्युसिफरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने ते आधी एटीपीशी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूशी, आणि मग ऑक्सिजनशी जोडलं जातं. तयार झालेला अस्थिर रेणू फुटतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि उरलेला उत्तेजित रेणू शांत होताना हिरवट-पिवळा प्रकाश देतो. (एटीपीत फॉस्फरसचे अणू असतात हे खरं, पण ते आपल्याही प्रत्येक पेशीत असतात.)

खरी गंमत हा दिवा चालू-बंद करणाऱ्या बटणाची आहे. काजव्याला फुप्फुसं नसतात. बारीक श्वासनलिका हवा थेट पेशींपर्यंत नेतात. प्रकाशपेशीच्या कडेला, या नलिकांलगत, तंतुकणिका (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीचे भाग, मायटोकॉन्ड्रिया) दाटीने बसलेल्या असतात, तर ल्युसिफेरिन आतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या इवल्या पिशव्यांमध्ये असतं. आलेला ऑक्सिजन कडेच्या तंतुकणिकाच फस्त करतात, म्हणून आत अंधार. चेतातंतूही प्रकाशपेशीपर्यंत जात नाहीत, श्वासनलिकांच्या टोकाशीच संपतात. तिथे ऑक्टोपामिन हे चेतातंतूंचं संदेशवाहक रसायन सुटलं की नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो, तो तंतुकणिकांचं श्वसन क्षणभर रोखतो, ऑक्सिजन आत घुसतो आणि दिवा लागतो. नायट्रिक ऑक्साइड विरला की पुन्हा अंधार. अमेरिकी काजव्यांवरच्या प्रयोगांतून 2001 साली ही मांडणी पुढे आली. काही तपशिलांवर अजून वाद आहे.

‘शंभर टक्के कार्यक्षम दिवा’ ही जाहिरातही सोडून द्यावी. 2008 साली जपानमध्ये केलेल्या नेमक्या मोजणीत 100 ल्युसिफेरिन रेणूंमागे सुमारे 41 फोटॉन (प्रकाशाचे कण) मिळाले. तेही कमी नाहीत.

उडत लुकलुकतात ते बहुतेक नर. मादी सहसा खाली पानावर किंवा गवतात बसून उत्तर देते, त्यामुळे पायवाट सोडणाऱ्याच्या बुटाखाली आधी तीच येते. ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढणाऱ्या अळ्याही तिथेच असतात. गाडीच्या हेडलाइटमध्ये हे इशारे बुडून जातात आणि जोड्या जुळत नाहीत. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी लावा, झोत पायाशीच ठेवा. अमावस्येच्या आसपासची, दमट, वारा पडलेली रात्र निवडा; डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. मधेच एकाने मोबाइल उघडला की सगळ्यांची मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

फोटोसाठी ट्रायपॉड, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ 2.8, कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता आयएसओ 1600 आणि 20–30 सेकंदांचं एक्स्पोजर. फ्लॅश बंद, मागचा स्क्रीनही बंद. इंटरनेटवरची ती झाडं पेटल्यासारखी दिसणारी चित्रं बहुतेकदा असे कित्येक फोटो एकमेकांवर चढवून केलेली असतात. तेवढे ठिपके एका क्षणात शोधायला गेलात तर हिरमुसून परताल.